पॅड वाळत घातलेत, हात लावू नये

गाडीला चमक आणणं फार अवघड नाही. मशीन फिरवायचं, बाटलीवर लिहिलंय तसं करायचं, चमक येते. अवघड आहे ते चमक आणणारा फोमचा गोल तुकडा, म्हणजे पॅड, उद्या सकाळी पुन्हा कामाला येईल अशा अवस्थेत ठेवणं. मशीनबद्दल लोक तासन्‌तास बोलतात: वॉट किती, थ्रो, म्हणजे पॅडचं डोलणं, ८ मिलिमीटरचा की १५ चा, वायर कितीची. कंपाउंडच्या, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशच्या, बाटलीवरून तर सख्ख्या मेव्हण्यांत अबोला होतो. पॅडचं मात्र कोणी नाव काढत नाही. काम झालं की तो तसाच मशीनला चिकटलेला, मशीन पिशवीत, पिशवी माळ्यावर. पुढच्या वेळी पिशवी उघडावी तर पॅडच्या कडेला पांढरी कडक किनार आणि मधोमध खड्डा. तोच पॅड बोनेटवर फिरतो आणि मालक शेजाऱ्याला सांगतो, "पॉलिश करून बघितलं, पण ओरखडे उलट वाढले की ओ." वाढणारच. वाळलेल्या खरपुड्यांनी गाडी घासल्यावर दुसरं काय होणार?

ज्यांच्याकडे शटरची जागा आहे, छताला ट्यूबलाइटी आहेत आणि उद्या कामावर जायचं नाही, ती मंडळी अख्खी गाडी एका दमात करतात. त्यांचे पॅड सकाळी कामाला लागतात आणि संध्याकाळी एकदाच धुतले जातात. त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मी बोलतोय ते विश्रामबागेतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, दूधवाला येऊन गेल्यावर आणि ऑफिसची घाई सुरू होण्याआधी जो पाऊण तास हाती लागतो, त्यात गाडी करणाऱ्यांबद्दल. मार्च लागला की सांगलीत सकाळीसुद्धा फार वेळ हातात राहत नाही. ऊन आलं की बोनेटला तळहात टेकवत नाही, आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आधीच सुकतं. संध्याकाळी करावं तर उजेड नसतो आणि डास असतात. म्हणून सकाळचा पाऊण तास. आज बोनेट, परवा डावीकडची दोन दारं, रविवारी डिकी. अशानं एक गाडी पुरी व्हायला पंधरवडा जातो आणि तेवढ्या काळात पॅड कितीतरी वेळा ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याच्या पॅडचे हाल जास्त.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. त्या पाऊण तासातली शेवटची वीस मिनिटं गाडीची नाहीतच, पॅडची आहेत. पाच मिनिटं पॅनेल पुसायला आणि रबराच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावायला, वीस मिनिटं मशीन, वीस मिनिटं पॅड. "एवढ्यात आणखी एक दार झालं असतं" हा विचार मनात येतो, तो येऊ द्यावा आणि जाऊ द्यावा. ज्याला हे गणित पटत नाही त्यानं गाडी नुसती धुवावी. धुतलेली गाडीही बरी दिसते.

आता पॅडच्या पोटात काय जातं ते बघू. पॉलिश म्हणजे पाणी, तेलकट वंगण आणि त्यात अतिशय बारीक, टणक कण, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. हे कण रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित खरवडतात आणि ओरखड्याच्या कडा सपाट करतात. खरवडलेला क्लिअर कोट कुठं जातो? पॅडमध्येच. म्हणजे पत्र्याचे दोन-तीन चौकोनी तुकडे घासून झाल्यावर फोमच्या छिद्रांत वापरून झालेलं पॉलिश, निघालेला रंगाचा भुगा आणि वंगण यांचा चिकट लगदा बसलेला असतो. छिद्रं भरली की नव्या कणांना मोकळं फिरायला जागा उरत नाही, ते गोळा होतात. एक गोळा म्हणजे एक नवा ओरखडा, तोही गोल. शिवाय जड झालेल्या पॅडनं मशीनची चाल मंदावते, माणूस जास्त जोर लावतो, घर्षण वाढतं, पॅड मधून तापतो. उष्णता मागं वेल्क्रोच्या गोंदापर्यंत गेली की एक दिवस पॅड मशीनपासून नव्हे, स्वतःच्या पाठीपासून सुटतो आणि पार्किंगमध्ये घरंगळत जातो. हे दृश्य पाहणाऱ्याला फार आवडतं.

पॅड भरला हे कळायला डोळे लागत नाहीत. आवाज घोगरा होतो. पुसताना पॉलिश सहज निघत नाही, कापडाला चिकटून ओढल्यासारखं होतं. पांढरी धूळ जास्त उडायला लागते. मशीन मधेच नुसतं थरथरतं, फिरत नाही. यासाठी एक फुकटचा उपाय आहे: बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतो त्या मशीनच्या चकतीच्या, कडेला काळ्या मार्करनं एक उभी रेघ ओढून ठेवायची. मशीन चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती जागेवरच थरथरत राहिली, तर पॅड नुसता थरथरतोय आणि तुम्ही वीज जाळताय. अशा वेळी जोर कमी करायचा, पॅड पत्र्याला सपाट टेकलाय का बघायचं, आणि तो भरलेला असेल तर बदलायचा.

काही जण याउलट करतात, आणखी पॉलिश घालतात. पॅड कोरडा वाटतोय ना, मग घाला! पाच इंची प्लेटवरच्या साडेपाच इंची पॅडला सुरुवातीला मटारच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. ते बोटानं सगळ्या फोमवर एकसारखे पसरून मुरवायचे, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दीड फुटी चौकोनाला दोन-तीन थेंब. मशीन हलवायचं सेकंदाला इंचभर, एवढं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं हा झोपला. आधी आडवं, मग उभं, निम्मा पट्टा आधीच्या पट्ट्यावर. यापेक्षा जास्त पॉलिश घातलं की रंगाला काही जास्त मिळत नाही, फक्त पॅडचं पोट लवकर भरतं आणि उरलेलं पॉलिश शेजारच्या गाडीवर उडतं. शेजारच्या गाडीचे मालक सोसायटीचे सेक्रेटरी असतात. हा नियमच असावा.

थोडक्या वेळाच्या कामाला कुठला पॅड? माझं मत फोमच. लोकरीचा पॅड जोरात कापतो, म्हणजे रंग जास्त खरवडतो, पण त्याचे केस दर वेळी विंचरावे लागतात आणि पडलेले केस आठवडाभर कॉलरवर निघतात. मायक्रोफायबरचाही चांगला कापतो, पण तो फार लवकर भरतो. त्याला साफ करायला दाबाची हवा सगळ्यात उत्तम, आणि गाडीच्या बारा व्होल्टच्या पंपातून येणारी हवा त्याच्या तंतूंना गुदगुल्यासुद्धा करत नाही. घरी कॉम्प्रेसर असेल तर गोष्ट वेगळी. पॅड घेऊन रोज सकाळी पंक्चरवाल्याकडे जाण्याइतकं मानसिक बळ ज्याच्याकडे आहे, त्याला माझा नमस्कार.

आता खरी भानगड. पॅड सांभाळायला जे जे लागतं ते सगळं घरातच असतं, पण त्यातलं काहीही आपल्या मालकीचं नसतं.

पहिला ब्रश. प्रत्येक चौकोन झाला की पॅड साफ करायचा, गाडी झाल्यावर नव्हे. मशीन उलटं धरायचं, वेग एक-दोनवर ठेवायचा आणि मध्यम कडक नायलॉनचा ब्रश मधून कडेकडे पाच-दहा सेकंद सरकवायचा. वरचा लगदा सुटतो, फोमची छिद्रं मोकळी होतात. तोंडाला मास्क हवा, कारण हा भुगा नाकात जायला आतुर असतो. ब्रश कपड्यांचा चालेल, पण तो मोरीतून परस्पर उचलायचा नाही. मोरीच्या ब्रशात साबणचुऱ्याचे दाणे आणि वाळूचे कण अडकलेले असतात, ते फोममध्ये जाऊन बसले तर पुढं प्रत्येक फेरीला त्यांची सही बोनेटवर उमटते. तारेचा ब्रश तर फोमचे लचके तोडतो. नवा आणावा, त्यावर नाव घालावं, आणि तरीही एक दिवस तो बाथरूमच्या फरश्या घासताना सापडेल हे गृहीत धरून दोन आणावेत.

दुसरा टॉवेल. फोममध्ये खोलवर गेलेलं ओलं पॉलिश ब्रशनं निघत नाही. सुती टॉवेलची घडी तळहातावर घ्यायची, फिरत्या पॅडला तिच्यात हलकेच दाबायचं, वेग तीनच्या आसपास, पाच सेकंद. टॉवेल ओलं शोषून घेतो आणि त्यावर राखाडी गोल उमटतात. रंग कुठला उमटतो हे लक्ष देऊन बघावं. क्लिअर कोटच्या गाडीवर डाग पांढरट-राखाडी असतो. जुन्या, एकाच थराच्या रंगावर पॅड गाडीच्याच रंगाचा होतो, त्यात काही वावगं नाही. पण क्लिअर कोटच्या लाल गाडीवर पॅड लाल झाला, तर हात तिथंच थांबवायचा: वरचा थर संपलाय, आता जे निघतंय तो मूळ रंग आहे. कारखान्यातून आलेल्या रंगाची सगळी जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते आणि त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० च. घाणेरड्या पॅडनं ओरखडे पाडायचे आणि ते घालवायला पुन्हा घासायचं, हा उद्योग या तुटपुंज्या शिलकीतून चालतो. टॉवेलबद्दल एवढंच सांगतो की तो पाहुण्यांचा नसावा.

तिसरी पिशवी. इथं थोडक्या वेळात काम करणाऱ्याचा सगळ्यात मोठा प्रश्न येतो: उद्या सकाळी हाच पॅड, हेच पॉलिश, दुसरं दार. मग आज धुवायचा कशाला? बरोबर आहे, रात्रीपुरता नाही धुतला तरी चालतो, पण अटी आहेत. ब्रश आणि टॉवेल झालेला असावा. पॅड मशीनवरून काढलेला असावा, कारण लावून ठेवला की प्लेटची उष्णता आत कोंडते आणि मशीन पॅडवर उभं केलं तर फोम दबून बसतो. तो पूर्ण गार झाल्यावर चेनच्या पिशवीत घालायचा, हवा काढायची, चेन लावायची, सावलीत ठेवायचा. असा तो दुसऱ्या सकाळपर्यंत ओलसर राहतो. दोन-तीन दिवस ठेवला तर कडा वाळतात किंवा आत कुबट वास धरतो, आणि वास धरला की कितीही पॉलिश घाला, पार्किंगमधून जाणारा प्रत्येक जण आधी स्वतःच्या चपला बघतो.

पिशवी नवी हवी, ही आणखी एक अट. सांगलीच्या घरात चेनच्या रिकाम्या पिशव्यांचा तोटा नसतो, कारण भडंग त्यातूनच येतं. ती पिशवी पुसून वापरण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. भडंगाच्या पिशवीत तेल असतं, मीठ असतं, तिखट असतं आणि लसणाचा एखादा तळलेला तुकडा कोपऱ्यात दडून बसलेला असतो. तेलानं पॉलिशचा मेळ बिघडतो, पुसताना इंद्रधनुष्यासारखे फराटे दिसतात. मिठाचा खडा काय करतो ते सांगायला नको. आणि उलटा अपघातही शक्य असतो. म्हणून पिशवीवर मार्करनं मोठ्या अक्षरात "खाऊ नये" लिहावं.

चौथी बादली, आणि इथं युद्धाला तोंड फुटतं. उद्या लगेच काम नसेल तर पॅड आजच, आत्ताच धुवायचा. ओलं असताना पॉलिश दहा मिनिटांत निघतं, वाळल्यावर तासभर झगडूनही निघत नाही. कोमट पाणी, हाताला सहज सोसेल एवढंच, चाळीस अंशांच्या आतलं. गीझरचं कढत पाणी मळ काढतं हे खरं, पण गोंदही काढतं. त्यात पॅडसाठी मिळणारा क्लीनर, किंवा ऑल पर्पज क्लीनर एकास दहा, किंवा पाच लिटर पाण्याला चमचाभर भांड्यांचं लिक्विड. कपड्यांची पावडर नको, न विरघळलेला दाणा फोममध्ये राहतो. मायक्रोफायबरच्या पॅडला कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड तर अजिबात नको, तंतूंवर त्याचा थर बसतो आणि पॅड बोथट होतो.

पॅड पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास भिजवायचा. रात्रभर नको. फोम सोसतो, पण त्याला वेल्क्रोशी जोडणारा गोंद इतका वेळ पाण्यात राहायला बनलेला नसतो. मग अंगठ्यांनी मधून कडेकडे चोळायचं, तळहातांत दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पिळायचं नाही. इथं पिढ्यान्‌पिढ्यांचे संस्कार आडवे येतात. ओली वस्तू हातात आली की मराठी माणूस ती पिळतोच, आणि मदतीला आलेली आई तर असा पीळ देते की गोंदाचा थर एका झटक्यात तडकतो. "अरे पाणी तसंच आहे की त्यात!" आहे, राहू दे. दाबून जेवढं जाईल तेवढंच काढायचं. कपड्यांच्या मशीनमध्ये घालण्याचा सल्लाही घरातूनच येतो. आतल्या घुसळणीनं फोमच्या कडा फाटतात, आणि पुढच्या धुण्यात शर्टाच्या खिशात कंपाउंड निघतं ते वेगळं.

खळबळायला पाणी कुठलं, हेही बघावं. कृष्णाकाठी क्षारपड जमिनी काही थोड्या नाहीत, आणि बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर फोमवर खरखरीत पांढरा थर राहतो. शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यानं करावं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची एक टूम आहे. बचत म्हणून विचार चांगला आहे, पण ते पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं असतं, सगळे क्षार त्यातच ढकललेले असतात. ते पॅडला नको. फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत खळबळायचं, नाहीतर पुढच्या वेळी दारावर पॉलिशचा फेस येतो आणि काहीतरी छान चाललंय असा समज होतो.

मग पॅड कोरड्या टॉवेलच्या दोन घड्यांत दाबायचा. पाणी गळायचं थांबलं की मशीनला लावून रिकाम्या बादलीत तोंड खाली करून दहा-पंधरा सेकंद सावकाश फिरवायचा. ठिबकता पॅड लावायचा नाही, हात कोरडे हवेत, आणि पॅड लावता-काढताना प्लग बाहेर. काढताना वेल्क्रोचं एक टोक धरून खसकन ओढलं की फोम पाठीपासून उचकटतो. बोटं वेल्क्रो आणि प्लेटच्या मधे घालून कडेकडेनं सोडवावा. प्लेटच्या आकड्यांत अडकलेले धागे त्याच वेळी जुन्या टूथब्रशनं काढावेत. ते साचले की पकड ढिली होते आणि वर सांगितलेलं घरंगळणं घडतं.

पाचवी गोष्ट वाळवणाची, आणि ही लढाई हरलेलीच असते. पॅड कसा वाळवायचा? फोम खाली, वेल्क्रो वर, खालून हवा लागेल अशा जाळीवर, म्हणजे पाणी गोंदापासून दूर खाली उतरतं. पंख्याखाली, सावलीत. कडक उन्हात फोम पिवळा पडून ठिसूळ होतो आणि गोंद मऊ होतो. हेअर ड्रायरही नको. आता घरात जाळी म्हणजे एक तर भांड्यांचं रॅक किंवा वाळवणाची चाळण. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, बटाट्याचे पापड यांची ताटं लागलेली असतात, त्यांच्यावर साड्या पांघरलेल्या असतात, आणि त्यांच्या बाजूला तुमचे चार रंगीत फोम. वरून हुकूम येतो, "हे तुझं काय ते इथनं काढ, वास लागंल." खरं तर गच्चीवर ठेवायचेच नसतात, उन्हानं ते खराब होतात. पण तसं सांगितलं तर पुढचा प्रश्न "मग सांडगे बरे खराब होत नाहीत?" असा येतो आणि त्याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर नाही. पलंगाखाली टेबल फॅन लावून काम भागतं. शेजारी पाटी: "पॅड वाळत घातलेत, हात लावू नये." पाटीनं काही होत नाही. लोक हात लावूनच बघतात.

वाळला की नाही हे बोटानं कळत नाही, वरून कोरडा आणि आतून ओला असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर पॅड जोरात दाबायचा. डाग उमटला तर अजून वेळ आहे. ओलसर पॅडनं काम केलं तर फोम लुळा पडतो, पॉलिश पातळ होऊन उडतं, ओरखडे जात नाहीत. "आमचा पेंटर तर पाणी मारूनच रबिंग करतो," असं कोणीतरी नक्की सांगेल. तो करतो ते जोरात गरगरणाऱ्या रोटरी मशीननं, लोकरीच्या पॅडनं आणि जाड रबिंगनं. त्याची रीत तिथं ठीक आहे. आपल्या डोलत फिरणाऱ्या मशीनवर, फोमनं, नको.

उन्हाळ्यात पंख्याखाली एक दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवस लागतात, आणि कृष्णेला पाणी चढायला लागलं, आयर्विन पुलाची पातळी किती हीच एक चर्चा गावात उरली, की पॅडचा विषय गुंडाळून ठेवावा. त्या दिवसांत पार्किंगमधल्या गाडीचा रंग ही शेवटची काळजी असते. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

याच वाळवणाच्या हिशेबातून किती पॅड लागतात ते ठरतं. कामाला दिवसाआड बसत असाल तर तीन जोड: एक हातात, एक वाळतोय, एक तयार. प्रत्येक जोडात दोन-दोन कापणारे आणि एक फिनिशिंगचा, म्हणजे शेवटची चमक आणणारा. म्हणजे नऊ. पावसाळ्यात आणखी एक जोड. आकडा ऐकून घरातले दचकतात, पण एकाच भारी पॅडवर पंधरवडा ओढण्यापेक्षा मध्यम प्रतीचे नऊ केव्हाही बरे, कारण पाऊण तासात पॅड धुऊन, वाळवून पुन्हा वापरणं पृथ्वीवर कोणाला जमलेलं नाही. दार संपेपर्यंत एक पॅड, बोनेटला दोन, आणि ते आलटून-पालटून, म्हणजे एक गार होतो तोवर दुसरा चालतो. ज्यावर हात टेकवत नाही इतका पॅड तापला असेल, तर पॉलिशही भाजलं गेलंय.

पॅडच्या पाठीवर मार्करनं लिहून ठेवा: कुठल्या पॉलिशचा आणि कापायचा की फिनिशिंगचा. कंपाउंडला वापरलेला पॅड धुतला तरी फिनिशिंगला वापरायचा नाही, जाड कणांतला एखादा आत राहतोच. रंगावरून ओळखू म्हणाल तर फसाल, कंपन्यांमध्ये रंगांचं एकमत नाही. रूप्सच्या फोममध्ये निळा जाड कापणारा आणि पिवळा बारीक कामाचा. लेक कंट्रीत पिवळा म्हणजे चांगला जोरात कापणारा. दोन्ही घेतले आणि एका डब्यात ठेवले, की हळदीच्या गावात दोन पिवळे नांदतात, एक मवाळ आणि एक जहाल, आणि पहाटेच्या उजेडात कोण कुठला ते कळत नाही. फिनिशिंगसाठी जहाल उचललात की बोनेटवर धुरकट थर येतो आणि माणूस पॉलिशच्या कंपनीला दोष देत बसतो.

पॅड स्वच्छ असला तरी पॅनेल घाण असलं तर सगळं पाण्यात. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यांच्यामागं धुळीचा लोट, आणि संध्याकाळी कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं. त्याची काळी, हलकी राख रात्रीतून गाडीवर उतरते. काल धुतलेलं दार आज सकाळी धुतलेलं नसतं. ते कोरड्या फडक्यानं झटकून लगेच मशीन लावलं की पहिल्याच फेरीत राख आणि माती फोममध्ये. म्हणून रोज ज्या पॅनेलवर काम, तेवढं तरी पाण्यानं धुऊन पुसून घ्यायचं. आणि थांबायचं ते पॅनेलच्या फटीशी, अर्ध्या बोनेटवर नव्हे. कुठवर झालं ते टेपच्या तुकड्यानं खूण करून ठेवायचं, नाहीतर परवा तेच दार पुन्हा घासलं जातं.

पॅड खाली पडला तर? फुंकर मारून पुन्हा लावायचा नाही. पार्किंगच्या फरशीवर वाळूच असते. तो बाजूला ठेवायचा, काम संपलं की धुवायचा, बोटानं चाचपून बघायचा, आणि शंका राहिली तर त्याला रंगापासून कायमची सुट्टी. याच वेळी नेमके खालचे काका येतात. "काय करायलाय ओ सकाळ-सकाळ?" गाडी पॉलिश करायलोय काका. "वॉशिंग सेंटरवाला दीड तासात करून देतो की." देतो. मग ते पडलेला पॅड उचलून, दाबून, वास घेऊन बघतात आणि अगदी प्रेमानं तो परत स्वच्छ पॅडांच्या डब्यात ठेवून जातात. त्यांच्या पाठोपाठ अख्खा डबा धुवायला घ्यावा लागतो.

धुऊन पूर्ण वाळलेले पॅड झाकणाच्या डब्यात, एकावर एक वजन न देता ठेवावेत. वरून कंपाउंडची बाटली ठेवली की फोममध्ये बाटलीच्या बुडाचा ठसा कायमचा. रिटायर कधी करायचा? मधला खड्डा दाबून सोडल्यावर वर येत नसेल, कडा फाटल्या असतील, वेल्क्रोचं टोक सुटलं असेल, किंवा फोम एखाद्या जागी जळून कडक झाला असेल तर. पुन्हा चिकटवायला फेव्हिक्विक घेऊन बसू नये. त्याचा थर वाळल्यावर टणक होतो आणि पॅड एका बाजूला वाकडा फिरतो.

रिटायर झालेला पॅड फेकायचा नाही. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा, सायलेन्सरचं टोक, टायरला काळं लावणं, याला तो उत्तम. घरात तांब्याचा बंब असेल तर त्यालाही, आणि एकदा बंब चमकला की बादली, टॉवेल आणि पंखा यांवरचे निर्बंध काही दिवस सैल होतात. फक्त रिटायर झालेल्या पॅडच्या वेल्क्रोला कात्रीनं एक मोठी खाच मारून ठेवा. पहाटे अर्धवट झोपेत डब्यात हात घातला, तरी खाच बोटाला लागते.